सुई टोचली, रिपोर्ट निगेटिव्ह आला, मग टी पेशी कशा जाग्या झाल्या? एचआयव्ही एक्स्पोजर आणि आपली इम्युनिटी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोलचं काम बघते, त्याआधी १४ वर्षं वॉर्डात ड्युट्या केल्यात. कुणाला पेशंटची वापरलेली सुई टोचली की पहिला फोन मला येतो, निम्मे प्रश्न एचआयव्हीची लागण टाळायच्या गोळ्यांचे असतात आणि उरलेले सगळे इम्युनिटीचे. "मॅडम माझी इम्युनिटी स्ट्राँग आहे हो, खरंच घ्यायला लागतील का गोळ्या" हे तर इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच ठेवते एकदाचं. आत्ता टोचलं असेल तर फक्त पहिला प्रश्न वाचा आणि कॅज्युअल्टी गाठा, बाकीचं पहिली गोळी पोटात गेल्यावर निवांत वाचा.

आत्ताच टोचलंय, काय करू?

ग्लोव्ह काढा, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. दाबून रक्त काढत बसू नका, बोट तोंडात घालू नका (हसू नका, भलेभले घालतात), स्पिरिट, ब्लीच, डेटॉल काही ओतू नका. डोळ्यात उडालं असेल तर नुसत्या पाण्याने किंवा सलाईनने भरपूर धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती तशीच ठेवून आधी धुवा आणि मग काढा. तोंडात गेलं तर थुंका, चुळा भरा. मग ड्युटी डॉक्टर, पहिला डोस, आणि नोंद. पहिला डोस दोन तासांत पडला तर उत्तम, ७२ तासांच्या पुढे त्याचा उपयोग धरत नाहीत. सोर्स पेशंटचा (ज्याचं रक्त लागलं त्याचा) रिपोर्ट यायचाय म्हणून थांबू नका, डोस घ्या, रिपोर्ट निगेटिव्ह आला तर गोळ्या बंद करता येतात.

नेमका धोका किती असतो?

एचआयव्ही पॉझिटिव्ह रक्ताची सुई टोचली तर साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजार जणांना टोचलं तर तिघांना लागण. डोळ्यात किंवा तोंडात उडालं तर ०.०९ टक्के. धड कातडीवर सांडलं, कुठे चीर नाही जखम नाही, तर घाबरायचं कारण नाही. हा सरासरी आकडा आहे हे लक्षात घ्या, सगळ्या सुया सारख्या नसतात. १९९७ मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या केसेस एकत्र करून एक अभ्यास आला होता, लागण झालेले ३३ आरोग्य कर्मचारी आणि टोचूनही लागण न झालेले ६६५, त्यात दिसलं की जखम खोल असेल, सुईवर डोळ्यांना दिसेल इतकं रक्त असेल, सुई थेट शिरेत किंवा धमनीत जाऊन आलेली असेल किंवा पेशंट एड्सच्या शेवटच्या टप्प्यात असेल तर धोका बराच वाढतो. इंजेक्शनच्या बारीक सुईचा ओरखडा आणि इंट्राकॅथची (शिरेत लाईन लावायची) रक्ताने भरलेली सुई आरपार जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हजारातले ९९७ वाचतात ते इम्युनिटीमुळेच ना?

हाच तो प्रश्न. सरळ हो म्हणता येत नाही. आधी हिशोब बघा. सुई टोचल्यावर साधारण एक मायक्रोलिटर रक्त आत जातं, म्हणजे एक मिलीलिटरचा हजारावा भाग, टाचणीच्या टोकावर मावेल इतकं. पेशंटचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या आरएनएचा आकडा, मिलीलिटरमागे १ लाख कॉपी असेल तर त्या थेंबात आल्या १०० कॉपी. एका विषाणूत आरएनएच्या दोन प्रती असतात म्हणजे विषाणू झाले ५०. आणि या ५० मधले बहुतेक अर्धवट बनलेले, म्युटेशनने बिघडलेले, पेशीत शिरायला नालायक असतात. रक्तातल्या पेशींमध्ये लपलेला विषाणू असतो तो यात धरलेलाच नाही, पण मुद्दा कळला असेल, बऱ्याच वेळा धड काम करणारा विषाणू योग्य पेशीपर्यंत पोचतच नाही. ग्लोव्ह घातलेला असेल तर सुईवरचं रक्त आणखी पुसलं जातं, निम्मं किंवा त्याहून जास्त. म्हणजे बऱ्याच जणांचं वाचणं हे निव्वळ गणित आहे, त्यात आपल्या तब्येतीचं काही कर्तृत्व नाही.

पण सगळं गणितच असतं तर त्या वाचलेल्यांच्या रक्तात काही खूण सापडायला नको होती. ती सापडली.

कुठे सापडली, कुणाला?

अमेरिकेत, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. बेथेस्डाच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये जीन शिअरर, मारियो क्लेरिची वगैरे मंडळी टी पेशींवर (इम्युनिटीच्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) काम करत होती, त्यांनी एचआयव्हीचं रक्त टोचलेल्या पण अँटीबॉडी टेस्ट निगेटिव्ह असलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचं रक्त घेतलं. त्यातल्या पेशी वेगळ्या केल्या, त्यांच्यासमोर एचआयव्हीच्या बाहेरच्या आवरणाचे लॅबमध्ये बनवलेले छोटे तुकडे ठेवले आणि बघितलं की पेशी इंटरल्युकिन-२ सोडतात का. टी पेशीने याआधी ती चीज पाहिली असेल तर ती ओळखते आणि हे रसायन सोडते, साधी आयडिया आहे.

८ पैकी ६ जणांच्या पेशींनी ओळखलं. तुलनेला ९ जण असे घेतले होते ज्यांना टोचलं होतं पण पेशंट एचआयव्ही निगेटिव्ह होता, त्यांच्यात फक्त एकाने. हे १९९४ मध्ये छापून आलं. पुढच्या वर्षी लिजिया पिंटो आणि त्याच टीमने मारेकरी टी पेशी तपासल्या, म्हणजे सीडी८ वाल्या ज्या विषाणू शिरलेल्या पेशीला धरून मारतात. एचआयव्हीचं एक्स्पोजर झालेल्या २० पैकी ७ जणांमध्ये त्या सापडल्या, तुलनेच्या लोकांत एकातही नाही. सगळे २० जण अँटीबॉडी निगेटिव्ह, तब्येतीने ठणठणीत.

आकडे छोटे आहेत, ८ आणि २० माणसं म्हणजे आमच्या एका वॉर्डाची एक शिफ्ट सुद्धा नाही. पण त्या काळात हे वाचून लोक उडाले होते कारण तोपर्यंत समज होता की एचआयव्ही आला की लागणच, मधलं काही नाही.

अँटीबॉडी नाही आणि टी पेशी मात्र जाग्या, हे कसं काय?

इम्युनिटी म्हणजे एकच खातं नाहीये. बी पेशी अँटीबॉडी बनवतात, टी पेशी थेट मारामारी करतात आणि दोघींना जाग यायला लागणारा मालही वेगळा. आपल्याकडे ज्या एचआयव्ही टेस्ट होतात त्या मुख्यतः अँटीबॉडी शोधतात. अँटीबॉडी भरपूर बनायला विषाणूने शरीरात काही दिवस धुमाकूळ घालावा लागतो. टी पेशींचं तसं नसतं, अगदी थोडा माल आला, कातडीखालच्या डेंड्रिटिक पेशीने (ही इम्युनिटीची पहारेकरी) तो उचलला, जवळच्या लसिका गाठीत नेऊन टी पेशीला दाखवला, झालं, ओळख पटली. तोवर विषाणू संपलेलाही असेल.

पोलिओच्या लसीवाले जोनास साल्क यांचा शेवटच्या वर्षांत यावरच भर होता. १९९३ मध्ये त्यांनी क्लेरिची-शिअरर यांच्याबरोबर लिहिलं होतं की अगदी थोड्या मात्रेने टी पेशींची बाजू जागी होते, जास्त मात्रेने अँटीबॉडीची, मग एचआयव्हीची लस थोड्या मात्रेची का नको. कल्पना म्हणून सुंदर, पण पुढे तशी लस काही झाली नाही.

म्हणजे त्या लोकांना लागण होऊन बरं झालं का?

लागण म्हणजे काय यावर अवलंबून आहे. दोन शक्यता धरतात. एक, टोचलेल्या रक्तात विषाणूचे तुकडे आणि बिघडलेले विषाणूच जास्त होते, टी पेशींनी ते बघितले, विषय संपला. दोन, काही चांगले विषाणू एखाद-दुसऱ्या पेशीत शिरले, तिथे थोडी वाढ सुरू झाली आणि ती तिथल्या तिथे विझली. मारेकरी टी पेशी सापडतात हे दुसऱ्या शक्यतेकडे बोट दाखवतं कारण त्या पेशी सहसा तेव्हाच तयार होतात जेव्हा विषाणूचं प्रोटीन पेशीच्या आतच बनतं. सहसा म्हणाले, नेहमीच नाही.

हे फक्त टोचल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांपुरतं आहे. एकदा विषाणू गाठींमध्ये बसला, सीडी४ पेशींच्या (टी पेशींचाच एक प्रकार) डीएनएत घुसला की नंतर शरीर त्याला आपोआप काढून टाकतं असं समजू नका.

आणि तो तुलनेतला एक जण? त्याला तर एचआयव्हीचं रक्त टोचलंच नव्हतं.

शाब्बास, हे फार कमी लोक विचारतात. टी पेशींचं ओळखणं आधारकार्डासारखं काटेकोर नसतं, दुसऱ्याच कुठल्या जंतूचा तुकडा एचआयव्हीसारखा दिसला तर त्याच्या नावाने जागी झालेली पेशी इथेही प्रतिसाद देते. २०१३ मध्ये स्टॅनफर्डच्या मार्क डेव्हिस यांच्या टीमने दाखवलं की कधीही एचआयव्हीच्या संपर्कात न आलेल्या प्रौढांमध्येही एचआयव्हीचे तुकडे ओळखणाऱ्या आणि आधीची आठवण असल्यासारख्या वागणाऱ्या टी पेशी असतात. त्यामुळे १९९४ चे निकाल जरा जपूनच वाचायचे. ८ पैकी ६ आणि ९ पैकी १ यातला फरक मोठा आहेच, पण एकट्या-दुकट्या माणसाच्या रिपोर्टवरून याला एक्स्पोजर झालं होतं की नव्हतं हे सांगता येत नाही.

मग ही फुकटात मिळालेली नैसर्गिक लसच झाली की!

नाही. आणि याला पुरावा आहे, नुसतं माझं मत नाही.

नैरोबीत १९८० च्या दशकापासून सेक्स वर्कर बायकांचा एक मोठा अभ्यास चालला होता. त्यातल्या काही जणी वर्षानुवर्षं संपर्क येऊनही निगेटिव्ह राहिल्या, आणि त्यांच्यातही एचआयव्हीला ओळखणाऱ्या मारेकरी टी पेशी सापडल्या. सगळ्यांना वाटलं हेच ते कवच. मग २००१ मध्ये रूपर्ट कौल आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की त्यातल्याच काही जणी नंतर पॉझिटिव्ह झाल्या, आधी टी पेशी असूनसुद्धा. त्यांच्यात समान धागा काय, तर त्यांनी मध्ये काही काळ काम थांबवलं किंवा कमी केलं होतं. संपर्क थांबला की पेशी ओसरतात आणि मग पुन्हा संपर्क आला की दार उघडं. आता आपला विचार करा, आपल्याला टोचतं आयुष्यात एकदा नाहीतर दोनदा.

दुसरा पुरावा लसीचा. फक्त टी पेशी जाग्या करणारी एक लस मोठ्या चाचणीत गेली होती, सप्टेंबर २००७ मध्ये ती चाचणी थांबवली. बहुतेकांच्या टी पेशी जाग्या झाल्या होत्या, पण लागण काही कमी झाली नाही. आपल्या पुण्यात भोसरीला नारी म्हणून ओळखली जाणारी एड्स संशोधन संस्था आहे ना, तिथे २००५ मध्ये देशातली पहिली एचआयव्ही लसीची चाचणी झाली होती, तीही आपल्याकडे पहिल्या टप्प्याच्या पुढे गेली नाही. लस बनवणाऱ्यांना जे मुद्दाम, मोजूनमापून जमलं नाही ते टोचलेल्या सुईने केलं असेल या भरवशावर कसं राहायचं?

त्या टी पेशी म्हणजे दाराबाहेर उमटलेले पायाचे ठसे समजा. कुणीतरी येऊन गेलं एवढं त्यावरून कळतं. कडी कुणी लावली, लावली का, का चोरच लंगडा होता, ते ठसे सांगत नाहीत.

आमचे एक सीनियर सर्जन म्हणतात मला इतक्यांदा टोचलंय की आता काही होत नाही.

सरांना नमस्कार सांगा. प्रत्येक वेळी ०.३ टक्के नव्याने लागू होतो, मागच्या वेळचं पुण्य पुढच्या वेळी कामी येत नाही. शिवाय सरांना टोचते ती बहुतेक सुचरची (टाके घालायची) भरीव सुई, ग्लोव्हमधून, तिच्यात पोकळ सुईपेक्षा रक्त खूप कमी असतं. सरांचं गणित चांगलं होतं इतकंच. आणि सरांनी हिपॅटायटिस सीची टेस्ट कधी केली होती तेही विचारा, जमलं तर.

काहींना जन्मतःच एचआयव्ही होत नाही म्हणतात ते काय?

ते सीसीआर५ चं प्रकरण. एचआयव्हीला पेशीत शिरायला सीडी४ बरोबर सीसीआर५ नावाची आणखी एक कडी लागते, काहींमध्ये तिच्या जीनमधला ३२ अक्षरांचा तुकडा गायब असतो. आई आणि बाप दोघांकडून तसा जीन आला तर नेहमीचा एचआयव्ही आत शिरू शकत नाही. हे १९९६ मध्ये कळलं. पण तसे लोक उत्तर युरोपात शंभरात एखादा, आपल्याकडे अगदीच दुर्मिळ. तुम्ही ते नाही असंच धरा.

गोळ्या घेतल्या तर इम्युनिटी बनायचीच थांबेल ना? मग न घेतलेल्या बऱ्या नाहीत का?

हा प्रश्न मला एका इंटर्नने विचारला होता, हुशार पोरगा होता. लॉजिक असं की गोळीने विषाणूची वाढ थांबली तर टी पेशींना बघायला काही उरणारच नाही. तर्क ठीक आहे हो, पण आपल्याला टी पेशी गोळा करायच्या नाहीयेत, लागण टाळायचीये.

वेळेचं महत्त्व माकडांवरच्या प्रयोगांतून कळलं. म्युकोसातून (शरीराच्या आतल्या ओल्या अस्तरातून) एसआयव्ही, म्हणजे माकडांतला एचआयव्हीचा भाऊबंद, दिला तर पहिल्या २४ तासांत तो आत शिरलेल्या जागच्या डेंड्रिटिकसारख्या पेशींत असतो, पुढच्या २४ ते ४८ तासांत त्या पेशी त्याला घेऊन जवळच्या गाठीत जातात, पाचेक दिवसांत तो रक्तात दिसू शकतो. म्हणजे त्याला गाठीत नेणारी गाडी आपली इम्युनिटीच चालवते! टी पेशीला दाखवायला म्हणून डेंड्रिटिक पेशी त्याला उचलून नेते, आणि त्याला नेमकी टी पेशीच हवी असते. या दोन-तीन दिवसांत वाढ दाबून धरली तर जी काही थोडी घाण आत गेलीये ती विझायला वेळ मिळतो. १९९८ मध्ये टेनोफोव्हिर या एचआयव्हीच्या औषधावरचा माकडांचा प्रयोग आला, २४ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस दिलं त्या सगळ्या माकडांना वाचवता आलं, उशिरा सुरू केलं किंवा ३ नाहीतर १० दिवसच दिलं त्या गटांत काहींना लागण झाली. म्हणून २८ दिवस. "१५ दिवस घेतल्या, बरं वाटतंय, बंद करू?" असं विचारणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

माणसांत अर्ध्यांना गोळी आणि अर्ध्यांना साखर असा प्रयोग कुणी करणार नाही. पण वर सांगितलेल्या १९९७ च्या अभ्यासात एकट्या झिडोव्हुडिनने (एचआयव्हीचं जुनं औषध) धोका सुमारे ८१ टक्क्यांनी कमी दिसला. आणि अमेरिकेत १९८५ ते २०१३ मध्ये कामावर लागण झाल्याची पक्की प्रकरणं ५८, त्यातलं १९९९ नंतरचं फक्त एक, तेही लॅबमधल्या माणसाचं, जिवंत एचआयव्हीच्या कल्चरवर काम करताना सुई लागली होती. हे टी पेशींनी नाही झालं, गोळ्यांनी झालं, चांगल्या सुयांनी झालं आणि पेशंटलाच उपचार मिळून त्यांचा व्हायरल लोड उतरला त्याने झालं.

सध्या कुठल्या गोळ्या देतात? त्रास होतो का?

टीएलडी, म्हणजे टेनोफोव्हिर ३०० मिग्रॅ, लॅमिव्हुडिन ३०० मिग्रॅ आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिग्रॅ, एकाच गोळीत, रोज एक, २८ दिवस. मळमळ, डोकं दुखणं, झोप उडणं होतं काहींना. झोप उडत असेल तर गोळी सकाळी घ्या. कॅल्शियम, आयर्न किंवा अँटॅसिड चालू असेल तर टीएलडी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर, नाहीतर डोल्युटेग्राव्हिर नीट शोषलं जात नाही, आणि आपल्यातल्या निम्म्या बायकांची आयर्नची गोळी चालू असते म्हणून मुद्दाम लिहिलं. किडनीचा त्रास असेल, हिपॅटायटिस बी असेल, दिवस गेलेले असतील तर डॉक्टरला आधी सांगा. हिपॅटायटिस बी असताना या गोळ्या मनाने बंद केल्या तर लिव्हर भडकू शकतं. आणि घरात कुणाची उरलेली नेव्हिरापिन (हेही एचआयव्हीचंच औषध) आहे म्हणून ती घेऊ नका, धडधाकट माणसाचं लिव्हर तिने गेल्याची उदाहरणं आहेत.

काढा, च्यवनप्राश, व्हिटॅमिन सी, झिंक?

घ्या की, च्यवनप्राश चवीला छान असतो. टीएलडी सोडून नाही. झिंक घेणार असाल तर वर कॅल्शियमचं जे अंतर सांगितलं तेच.

टेस्ट कधी कधी करायच्या? गोळ्यांनी रिपोर्ट चुकतो का?

टोचल्यावर लगेच एक, ही तुम्ही आधीपासून पॉझिटिव्ह नव्हता हे नोंदवायला, हिच्याशिवाय पुढे नुकसानभरपाईचा विषय आला तर हातात काही नसतं. मग ६ आठवडे, ३ महिने, ६ महिने. गोळ्यांमुळे सेरोकन्व्हर्जन, म्हणजे रक्तात अँटीबॉडी दिसायला लागणं, थोडं पुढे ढकललं जाऊ शकतं, म्हणून २८ व्या दिवशीचा निगेटिव्ह बघून पेढे वाटू नका. अँटीबॉडी उशिरा आल्याची थोडी प्रकरणं आहेत, विशेषतः त्याच सुईतून हिपॅटायटिस सी पण आला असेल तेव्हा, अशा वेळी डॉक्टर वर्षभर बघतात.

तोपर्यंत रक्तदान नाही, आणि घरी कंडोम.

सीडी४ करून घेऊ का? आणि ती टी पेशींची टेस्ट कुठे मिळेल?

सीडी४ अजिबात नको. साध्या सर्दी-तापानेही तो खालीवर होतो, चारशे-साडेचारशे आला की तुम्ही रात्रभर जागणार आणि मला फोन करणार. टी पेशींची ओळख बघणारी टेस्ट रिसर्चची आहे, ताज्या पेशी, इनक्युबेटर, लॅबमधली माणसं, सगळं लागतं. आणि समजा केलीच, पॉझिटिव्ह आली तर वर सांगितलं तसं ती कशाचीही असू शकते, निगेटिव्ह आली म्हणून लागण नाही असंही नाही. दोन्हीकडून गोळ्या त्याच, तारखा त्याच.

तिसऱ्या आठवड्यात ताप आलाय, घसा धरलाय. संपलं का सगळं?

खऱ्या लागणीत २ ते ४ आठवड्यांत ताप, पुरळ, गाठी येऊ शकतात हे खरं. पण जुलैमध्ये अख्ख्या वॉर्डाला ताप असतो. येऊन दाखवा, गरज वाटली तर डॉक्टर अँटीजेन (विषाणूचा स्वतःचा तुकडा) शोधणारी टेस्ट किंवा विषाणूची थेट टेस्ट सांगतील. आजवर माझ्याकडे असे ताप घेऊन आलेले डझनभर तरी असतील, एक डेंग्यू निघाला, बाकी सगळं व्हायरल आणि भीती.

हिपॅटायटिस बीची लस घेतलीये, तिचा काही फायदा?

एचआयव्हीला शून्य. पण खरी इम्युनिटी कशी दिसते ते बघायचं तर हीच बघा. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीची सुई टोचली तर धोका ६ ते ३० टक्के, एचआयव्हीपेक्षा कितीतरी जास्त, आणि लस घेऊन टायटर (रक्तातल्या अँटीबॉडीचा आकडा) एकदा १० च्या वर गेला की भीती जवळपास संपली. तिथे अँटीबॉडी मोजता येते, किती पुरेशी ते माहीत आहे, आणि टायटर पुढे उतरला तरी पेशींची आठवण टिकते. एचआयव्हीच्या टी पेशींचं यातलं काहीच ठरलेलं नाही. गंमत म्हणजे स्टाफ एचआयव्हीला घाबरतो आणि हिपॅटायटिसचा तिसरा डोस राहिलेला असतो. तो आधी घ्या!

पेशंट एआरटीवर (एचआयव्हीच्या नेहमीच्या औषधांवर) आहे, व्हायरल लोड सापडतच नाही. तरी गोळ्या?

धोका फार खाली येतो, पण रिपोर्ट कधीचा आहे, मधे गोळ्या सुटल्या होत्या का, हे रात्री तीन वाजता कोण सांगणार. पहिला डोस घ्या, सकाळी एआरटी सेंटरच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

मॅनेजमेंट म्हणतं चूक तुमची, गोळ्या बाहेरून आणा.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. त्यात दवाखान्यांवर बंधन आहे की जिथे असा धोका आहे तिथल्या कर्मचाऱ्यांना सुरक्षेचं साहित्य, ट्रेनिंग आणि एक्स्पोजरनंतरच्या गोळ्या द्यायच्याच. खासगीलाही. चूक कुणाची हा प्रश्नच नंतरचा. तोच कायदा पेशंटची टेस्ट त्याच्या संमतीशिवाय करू नका असंही सांगतो, म्हणून "गुपचूप रक्त पाठवा" म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणते. विचारलं तर बहुतेक पेशंट हो म्हणतात, एक आजोबा तर मला म्हणाले, "माझ्यामुळे पोरीला काही व्हायला नको, दोन बाटल्या घे." अडचण आली तर १०९७ ही फुकट हेल्पलाईन आहे.

मावशींना टोचलं तर? त्या सांगतच नाहीत.

सगळ्यात वाईट इथेच होतं. सुई वापरतो आपण, सोडतो चादरीत, आणि टोचते मावशींना नाहीतर कचरा नेणाऱ्या मामांना. पेशंट कोण ते माहीत नाही, सुई कधीची ते माहीत नाही, पगार कापतील म्हणून त्या बोलत नाहीत, हळद लावून पट्टी बांधतात. सोर्स माहीत नसला तरी गोळ्यांचा विचार होतोच, ती सुई कुठल्या वॉर्डातली त्यावरून डॉक्टर ठरवतात. सुया टाकायचा पांढरा डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करा, त्यात वरून सुया कोंबू नका. मागच्या महिन्यात मी एका डब्याच्या तोंडातून बाहेर आलेल्या सुया मोजल्या, ११ होत्या.

तुम्हाला कधी टोचलंय का?

हो. २०११, नाईट ड्युटी, मेडिसिन वॉर्ड. पेशंट बेचैन होता, हात झटकत होता, लाईन लावली आणि इंट्राकॅथची सुई हातातून निसटून गादीवर पडली, मी चादर नीट करायला गेले आणि ती अंगठ्याच्या मांसल भागात, ग्लोव्हच्या आत रक्ताचा ठिपका पसरताना दिसला मला. मी दहा मिनिटं नळाखाली अंगठा दाबत उभी होते, जे मी आता कुणाला करू देत नाही. तो पेशंट पॉझिटिव्ह होता हे चार्टवर लिहिलेलं होतं. गोळ्यांच्या कपाटाची चावी ज्यांच्याकडे ते घरी गेलेले, त्यामुळे पहिला डोस पडला सकाळी साडेआठला, टोचून सहा तास झाले होते. तेव्हा झिडोव्हुडिन-लॅमिव्हुडिन मिळायचं, २८ दिवस मला चहाचा वास सहन झाला नाही. नवऱ्याला पाचव्या दिवशी सांगितलं, आधीच सांगायला हवं होतं. ६ आठवडे निगेटिव्ह, ३ महिने निगेटिव्ह, ६ महिने निगेटिव्ह.

मग तुमच्याही टी पेशी जाग्या झाल्या असतील?

झाल्या असतील, नसतील. कुणी बघितलं नाही आणि मी बघायला सांगितलंही नाही. त्या कपाटाची दुसरी चावी मात्र कॅज्युअल्टीच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असते आता, लाल दोरीला बांधलेली.